तुम्ही विचारलंत म्हणून : दंगलीवर बोलणारी बाई मरणावर का बोलते?

लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बोलता येणार नाही अशी वेळ आली तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद. त्याबद्दल बोलायला बडोद्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकांना मी जाते. ब्रिटनच्या खासदार डायान ॲबट यांचं नाव माझ्या बोलण्यात येतंच, आणि चहाच्या वेळी कुणी ना कुणी गाठून विचारतं, ‘वकीलबाई, त्या तर दंगली, पोलीस, वर्णद्वेष यांवर बोलणाऱ्या. त्यांचं इच्छामरणाशी काय देणंघेणं? आणि तुम्ही स्वतः लिव्हिंग विल नोटरी करता, मग इच्छामरणाला विरोध करणाऱ्या बाईंचं एवढं कौतुक कसं?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

ॲबट यांचे आईवडील जमैकाहून लंडनला आलेले. आई नर्स होती. १९८७ साली त्या निवडून आल्या, ब्रिटिश संसदेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार. मतदारसंघ हॅकनी, लंडनमधला. ऑगस्ट २०११ मध्ये टॉटनहॅममध्ये मार्क डगन हा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला, त्यातून दंगल पेटली आणि दोन दिवसांत हॅकनीच्या रस्त्यांवरही गाड्या जळाल्या. ॲबट यांनी लुटालुटीची गय केली नाही. पण रस्त्यात अडवून झडती घेण्याचा पोलिसांचा अधिकार कुणावर जास्त चालतो, हा प्रश्न त्यांनी दंगलीच्या आधीही मांडला होता आणि नंतरही सोडला नाही.

मला त्यांचं त्याही आधीचं, २००८ चं भाषण जास्त महत्त्वाचं वाटतं. दहशतवादाच्या संशयितांना आरोपपत्राविना ४२ दिवस कोठडीत ठेवू देणारं विधेयक होतं, आणि ते त्यांच्याच पक्षाच्या सरकारचं होतं. ॲबट त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आपल्याला आवडणाऱ्या माणसांच्या हक्कांसाठी कुणीही बोलेल. संसदेची परीक्षा होते ती नावडत्या, संशयित, कडेला लोटलेल्या माणसांच्या हक्कांवर. ते कलम कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ३१५ विरुद्ध ३०६ असं जेमतेम निभावलं.

आता २९ नोव्हेंबर २०२४ कडे या. किम लेडबीटर यांनी मांडलेल्या विधेयकावर कॉमन्समध्ये चर्चा होती. सहा महिन्यांच्या आत मृत्यू येणार असं डॉक्टर सांगतात, अशा सज्ञान रुग्णाला, त्याची मानसिक क्षमता शाबूत असेल तर, स्वतःच्या हाताने औषध घेऊन आयुष्य संपवण्यासाठी मदत मिळावी, असं ते विधेयक. इंग्लंड आणि वेल्सपुरतं. लेडबीटर यांची बहीण जो कॉक्स, तीही खासदार. २०१६ मध्ये एका वंशद्वेष्ट्याने भर रस्त्यात तिचा खून केला. समाजातला द्वेष काय करतो हे ज्या बाईने घरात सोसलं, तिने हे विधेयक आणलं होतं, आणि कोणताही रुग्ण असह्य वेदनेत तडफडत जाऊ नये ही तिची कळकळ खरी होती. म्हणजे एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला ॲबट. दोघींनाही माणसाच्या जिवाची पर्वा आहे, म्हणूनच तो वाद मी पुन्हा पुन्हा वाचते.

ॲबट तेव्हा सभागृहातल्या सर्वांत ज्येष्ठ महिला सदस्य होत्या. १९६९ साली संसदेने खुनासाठीची फाशी कायमची रद्द केली, याची त्यांनी आठवण करून दिली. तेव्हा लोकमत फाशीच्या बाजूने होतं. तरी शासनाने कुणाचा जीव घेण्यात भाग घेऊ नये या तत्त्वावर खासदारांनी मत दिलं. आज सर्वेक्षणांत बहुमत इच्छामरणाच्या बाजूने दिसतं, म्हणून संसदेने होकार द्यावा असं होत नाही. बडोद्याच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला तेव्हा लोकांचा कौल घेतला असता तर काय आलं असतं?

ॲबट यांच्या दोन्ही कामांतला धागा मला इथे दिसतो. झडती असो, कोठडी असो की मरण्यासाठी मदत, प्रत्येक वेळी शासनाच्या हातात माणसाच्या देहावरचा एक नवा अधिकार येतो. आणि तो कागदावर सगळ्यांसाठी सारखा असला तरी प्रत्यक्षात सगळ्यांवर सारखा चालत नाही. ही माझी मांडणी आहे, त्यांची नव्हे. पण ती मला सुचली कारण मी या शहरात राहते. २००२ आणि २००६ च्या दंगलींतली संचारबंदी मांडवी-पाणीगेटच्या लोकांनी जशी भोगली तशी आम्ही दांडिया बाजारात भोगली नाही. शहर एक, आदेश एक. तरी आमच्या बाजूला दूध येत होतं, आणि तिकडून माझ्या अशिलांचे फोन येत होते की इन्सुलिन संपलंय, घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा शहरात ‘कायद्यात पुरेशी सुरक्षा आहे’ हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कुणासाठी?

ॲबट यांची दुसरी भीती घराच्या आतली आहे. आपण मुलांवर भार झालोय, उपचारांत पैसा चाललाय, म्हणून म्हातारं माणूस ‘सुटलो तर बरं’ म्हणेल, आणि ते त्याचं स्वतंत्र मत म्हणून नोंदलं जाईल. हे दडपण कुणी आणत नाही, ते हवेत असतं. ज्यांनी नोटरीच्या टेबलामागे बसून सह्या पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मी सहीपूर्वी मुलगा-सून, लेक-जावई सगळ्यांना बाहेर बसायला सांगते. आजी एकट्या उरल्या की त्यांचं बोलणं बदलतं. ‘त्याचं कर्ज फिटलं नाही गं अजून,’ असं वाक्य आलं की मी त्या दिवशी शिक्का मारत नाही.

मग मी लिव्हिंग विलच्या बाजूने का? कारण आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं निपचित पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात, त्यांना मरू द्यावं ही याचिका २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्यांना वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचं म्हणणं न्यायालयाने मानलं, पण जीवनाधार काढून घेण्याची वाटही त्याच निकालात मोकळी केली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती अट निघाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पुढे वेळ आली तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. यात कुणी कुणाला औषध देऊन मारत नाही. उपयोग नसलेला उपचार थांबवून निसर्गाला वाट देतात. नको असलेल्या नळ्या नाकारणं हा रुग्णाचा जुनाच हक्क आहे. शासनाला त्यातून नवा अधिकार मिळत नाही.

वेदनेचं काय, हे विचाराल तर मी चिडून बोलते, आधीच माफ करा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने आपल्याकडे मॉर्फिन इतकं अवघड करून ठेवलं की कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली, तरी गावोगावच्या दवाखान्यांत ते आजही सहज मिळत नाही. ज्याला वेदनाशमन मिळालेलंच नाही त्याने मरण मागितलं, तर ती त्याची निवड कशी म्हणायची?

आणखी एक. कॉमन्सने २९ नोव्हेंबरला लेडबीटर यांचं विधेयक ३३० विरुद्ध २७५ मतांनी पुढे नेलं, जून २०२५ मध्ये फरक घटून ३१४ विरुद्ध २९१ झाला. कोणत्याच पक्षाचा व्हिप नव्हता. पंतप्रधान बाजूने, त्यांचेच आरोग्यमंत्री विरोधात. खासगी सदस्याचं विधेयक होतं, शुक्रवारी चर्चेला आलेलं. आपल्या लोकसभेतही खासगी विधेयकांचा वार शुक्रवारच आहे, पण १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा होऊन बाहेर पडलेलं नाही. मरणाविषयीचे आपले सगळे नियम न्यायमूर्तींनी लिहिले. त्यांनी ते जपून लिहिले याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण बडोद्याच्या खासदाराला यावर काय वाटतं हे मला माहीत असायला हवं, आणि तो ॲबट यांच्यासारखा नावडत्या माणसाच्या बाजूने उभा राहतो का, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

कॉमन्समध्ये असते तर मी त्या मसुद्याविरुद्ध मत दिलं असतं. आणि माझं स्वतःचं लिव्हिंग विल? ते केलंय, दुसऱ्या नोटरीकडून. व्हेंटिलेटर नको असं त्यात आहेच, पण त्याच्या वरचं, पहिलं कलम असं आहे की वेदना थांबवणारं औषध लागेल तेवढं द्यावं, खर्चाचा विचार करू नये. तुमच्या कागदात ते नसेल तर मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी या, घालून देते.