एकाला एकच

नाशिकला गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. त्यामुळे ‘मी रात्री गंगेवर असते’ असं सांगितलं की नव्या माणसाला वाटतं, बाई फारच देवभोळी दिसते. मी तिथे कामाला असते. बेघरांच्या एका निवाऱ्यावर मी व्यवस्थापक आहे. डिसेंबर-जानेवारीत आम्ही रोज रात्री गाडी घेऊन रामकुंड, गांधी तलाव, गाडगे महाराज पुलाखालची जागा, पुढे सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक असे फिरतो. उघड्यावर झोपलेल्यांना उठवायचं आणि निवाऱ्यात चला म्हणून विनवायचं. दहांतले दोघे उठतात.

बाकीचे का उठत नाहीत, हे पहिल्या वर्षी मला कळायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगून ठेवलंय की शहरात दर १ लाख वस्तीमागे चोवीस तास उघडा असा एक निवारा हवा. आमच्याकडे गाद्या आहेत, गरम पाणी आहे, संडास स्वच्छ आहेत. मग माणूस दगडावर का झोपतो? हळूहळू एकेकाचं कारण कळत गेलं. एका जोडप्याला बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या खोल्या नकोत. एका मावशींची दोन कुत्री आत घेता येत नाहीत. एकाची हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी जागेवर सापडायची नाही. आणि रामकुंडावर पहाटे पूजेची गर्दी सुरू होते, तेव्हा तिथे हजर असेल त्यालाच बोहनी. आमची गाडी त्यांना रात्री नेते, पण पहाटे परत आणून सोडत नाही.

जे उठत नाहीत त्यांना काहीतरी गरम द्यावं, म्हणून टोप्यांचं काम सुरू झालं.

आमच्या कॉलनीत देवळाच्या सभामंडपात दुपारच्या चारपाच बायका क्रोशाच्या सुया घेऊन बसतात. मीही त्यांच्यातलीच. रात्रपाळीत डुलकी लागू नये म्हणून माझ्या पिशवीत सुई आणि लोकरीचा गुंडा कायम असतो. यांतल्या सगळ्या जणींनी आयुष्यभर रुखवताचे रुमाल, तोरणं, टीव्हीवरचं आच्छादन आणि फ्रीजच्या मुठीला झगा असलं विणलंय. टीव्ही भिंतीला चिकटल्यापासून हात रिकामेच होते. मी म्हटलं, कानटोप्या विणाल का? दिवाळीनंतर दीड महिन्यात ६४ टोप्या झाल्या. घरोघरच्या उरलेल्या लोकरीच्या असल्यामुळे रंगांची तर जत्राच होती: बाळाचा गुलाबी, लिंबू पिवळा, एकीवर तर जांभळं फूल. फूल मी काढायला लावलं, त्यावरून दोन दिवस अबोला झाला.

वाटप २० डिसेंबरच्या रात्री ठरवलं. १९५६ साली त्या दिवशी गाडगेबाबा गेले. त्यांनी बांधलेली धर्मशाळा नाशकातही आहे. ‘उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा’ हे त्यांचं सांगणं आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय. दिवस चांगला, थंडीही कडक. जवळच्या निफाडच्या तापमानाचा आकडा त्या आठवड्यात रोज पेपरात पहिल्या पानावर येत होता.

माझा नियम एकच होता, एकाला एकच. वहीत माणूस, वस्तू, संख्या, सही किंवा अंगठा. हा नियम मी उगाच केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी वाटलेली ब्लँकेटं पुढच्याच बुधवारच्या बाजारात, त्याच घाटावर, घडी घालून विकायला ठेवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. विकणारा मला बघून हसला आणि म्हणाला, “ताई, तुम्हाला कमी लावतो.”

नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अलीकडे, पटांगणाच्या कडेला, एक बाबा असतात. साठीपुढचे, काटक. वहीत त्यांची नोंद ‘बिडी, निळी पिशवी’ अशी. नाव सांगत नाहीत, मीही खोदून विचारत नाही. साडेदहाला त्यांना एक टोपी दिली, राखाडी रंगाची, त्यातल्या त्यात सभ्य. त्यांनी ती हातात घेऊन आत पंजा घातला, ताणून पाहिली आणि म्हणाले, “दोन द्या.”

“एकाला एकच, बाबा.”

“एक काय कामाची?”

“डोकं किती आहेत तुम्हाला?” मी म्हणाले. ड्रायव्हर दादा हसले. मागे रांगेत उभे असलेलेही हसले. बाबा हसले नाहीत. बिडी कानावरून काढत म्हणाले, “बाई, तुम्ही थंडी वाटू राहिल्या की टोप्या? थंडी दहाला नाही पडत. चारला या.”

मी वहीत अंगठा घेतला आणि पुढच्याकडे वळले.

साडेबाराला ६४ टोप्या संपल्या. निवाऱ्यावर येऊन चहा घेतला, नोंदी उतरवल्या, सुई हातात घेतली. पण ते ‘चारला या’ डोक्यातून जाईना. कोणी भांडलं असतं तर मी विसरून गेले असते, माझी तशी सवय आहे. हे तर साधं सांगणं होतं, वेळ सांगावी तसं. पावणेचारला मी दादांना उठवलं. ते काय पुटपुटले ते इथे लिहीत नाही.

रात्री साडेदहाचा घाट आणि पहाटे चारचा घाट यांत फार फरक असतो. दिवसभर तापलेला काळा दगड रात्री दहापर्यंत कोमट असतो, त्याच्यावर बसलं तर बरंच वाटतं. चारला तोच दगड अंगातली ऊब ओढून घेतो. पाण्यावर धुकं, पायऱ्या दंवाने ओल्या. मी स्वेटर, शाल, मोजे, बूट असा सगळा सरंजाम करून गेले होते, तरी पाच मिनिटांत पायाची बोटं कळेनाशी झाली.

आम्ही हेडलाइट बंद करून टॉर्च खाली धरून चालत गेलो. मी टोप्या शोधत होते आणि डोक्यांवर टोप्या दिसत नव्हत्या. माणसं चादरीत डोक्यापासून गुरफटलेली होती. डोकं, तोंड सगळं आत. चादर वर ओढली की खालून कमी पडते, अंथरूण पाहून पाय पसरायला अंथरूण तरी तेवढं हवं. पाय उघडे. आणि त्या पायांवर आमच्या टोप्या. गुलाबी टोपीत दोन्ही पाय कोंबलेला एक पोरगा. पिवळी टोपी एका मावशींच्या कुत्रीच्या पिल्लांखाली. एकाने टोपीत चिल्लर आणि कागद भरून ती पोटाशी, सदऱ्याच्या आत बांधलेली. त्याच्या आधार कार्डाचा कोपरा लोकरीतून दिसत होता. डोक्यावर टोपी मोजून नऊ जणांच्या.

बाबा जागे होते, पुलाच्या खांबाला टेकून. डाव्या पायात राखाडी टोपी, घोट्याशी सुतळीने बांधलेली. उजव्या पायाला दुधाच्या पिशव्या गुंडाळलेल्या.

मला काय बोलावं ते सुचेना. थर्मासमधला चहा ओतून पुढे केला. त्यांनी मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ते नुसते सरकले आणि मला बसायला पोतं दिलं.

“डोक्याला का नाही घातली?”

“कान झाकल्यावर ऐकू कसं येणार?”

मग त्यांनी मला घाटावरचं झोपणं समजावलं, नव्या गड्याला काम समजावतात तसं. पहाटे भाविकांच्या बसगाड्या येतात आणि अंधारात मागे घेतात. मागे कोण झोपलंय ते ड्रायव्हरला दिसत नाही, झोपलेल्याला ऐकू आलं पाहिजे. पाकीटमार येतो तो अनवाणी येतो. दारू पिऊन कोणी काठी घेऊन येतो तो लांबूनच बडबडत येतो. कुत्रं आधी गुरगुरतं, मग भुंकतं. गुरगुरतानाच जाग आली तर पळता येतं. “चादरीतून ऐकू येतं. ही तुमची जाड टोपी, हिच्यातून काय येतंय?” चपला ते डोक्याखाली ठेवतात, म्हणजे पाय रात्रभर उघडेच.

त्यांना चारची थंडी का माहीत, तेही कळलं. निफाडकडे द्राक्षबागांवर वीसेक हिवाळे त्यांनी रखवाली केली होती. थंडी वाढली की मणी तडकतात, म्हणून पहाटे तीन-चारला उठून बागेत जागोजागी शेकोट्या करायच्या, धूर धरायचा, विहिरीचं पाणी सोडायचं कारण ते पाणी हवेपेक्षा गरम असतं. “द्राक्षाला दहाला कोणी धूर देत नाही,” ते म्हणाले. तेव्हा घोंगडं होतं, अस्सल. ते कसं गेलं हे सांगितलं नाही.

मग त्यांनी टोपीतून सुटलेला एक धागा बिडीच्या निखाऱ्याला लावला. धागा आक्रसला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. “ही लोकर नाही. शेकोटीपाशी ठिणगी पडली तर कातड्याला चिकटते.” खरंच होतं ते. दुकानात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, मेंढीचा तिच्याशी संबंध नाही. खरी लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पंचवीस वर्षं विणतेय, हे मला ठाऊक होतं. पण ज्याला टोपी द्यायची तो रात्रभर शेकोटीशेजारी असतो, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी सभामंडपात मी सगळं सांगितलं. आधी शांतता. मग एका काकूंनी विचारलं, “माझी टोपी पायात घातली?” त्यांना ते लागलं, आणि लागणारच. डोक्याची वस्तू पायात म्हणजे आपल्याकडे काय ते सांगायला नको. दुसऱ्या म्हणाल्या, “अगं, पाय गरम झाले ना त्याचे? मग झालं तर.” तासभर वाद. शेवटी ज्यांना लागलं होतं त्याच काकूंनी सुईवर साखळी घातली आणि पायाच्या मापाचं विचारलं.

माप सोपं नव्हतं. या पायांना भेगा असतात, सूज असते, नखं वाढलेली असतात. पहिला नमुना आम्ही उंच खांबाचा, म्हणजे क्रोशाच्या लांब, सैल टाक्याचा केला, तो झटपट होतो. एकाला घालून पाहिला तर भेगेत धागा अडकला आणि खांबांच्या मधल्या फटींतून वारा सरळ आत. म्हणून सगळं मुक्या खांबात, म्हणजे आखूड टाक्यात, घट्ट. लोकर जास्त लागते, वेळ दुप्पट. टाच घडवायची नाही, सरळ नळी विणायची, म्हणजे कोणत्याही पायाला होते आणि फिरवून घालता येते. बोटांकडून सुरुवात: कड्यात सहा मुके खांब, मग दर फेरीला सहा वाढवत जायचं, चवडा मावला की वाढ थांबवायची. वरचा भाग सैल, आत नाडी. नाडीचं बाबांनीच सांगितलं होतं: एका ओढीत सुटली पाहिजे. पळताना पायमोजा राहिला तरी चालेल, माणूस राहता कामा नये. रंग सगळे गडद, मळखाऊ. लिंबू पिवळा कायमचा कपाटात गेला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिला जोड मी बाबांकडे नेला, चारलाच. त्यांनी घातला, उभे राहिले, ओल्या फरशीवर दोन पावलं टाकली आणि घसरले. मी हात धरला म्हणून बरं.

“बाई, रात्री लघवीला कोण जाईल हे घालून? पायरीवर शेवाळ आहे.”

परत सभामंडप. रेक्झीन लावून पाहिलं, ते ओलं झालं की आणखी घसरतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चांगली धरते, पण ती शिवणार कशी? आमच्या सुया रबरातून जाईनात. रविवार कारंजाकडे एक चप्पल शिवणारे दादा बसतात, त्यांच्याकडे पट्ट्या नेल्या. त्यांनी आरीने कडेकडेने भोकं पाडून दिली, एकसारखी, मोजून चोवीस. त्या भोकांतून क्रोशाची सुई घालून धागा वर काढायचा आणि तिथूनच मुका खांब चढवायचा. रबर आणि विणकाम असं एकमेकांत जातं, वेगळी शिवण लागत नाही. पैसे विचारले तर म्हणाले, पुढच्या वेळी जास्त पट्ट्या आणा, एकदम करून देतो. एकदम केल्यावर पैसे घेणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही अजून विचारलं नाही.

टोप्या बंद केल्या नाहीत. ते नऊ जण मला विसरायचे नव्हते. पण आता त्या कपाळापर्यंतच येतात आणि खालची पट्टी दुमडलेली असते. कान झाकायचे असतील तर ओढून घ्यायची, ज्याचं तो ठरवेल.

राहिली वही. छापील तक्त्यात ‘प्रति व्यक्ती संख्या’ असा रकाना आहे आणि त्यावर बारीक अक्षरांत, मीच पूर्वी लिहिलेलं, ‘१ पेक्षा जास्त नाही’. बाबांसमोर वही धरली तेव्हा त्यांनी ते बोटाने दाखवलं. वाचता येतं त्यांना, हे मला तेव्हा कळलं. मी रकान्यात लिहिलं: पायमोजे, १ जोड.

“जोड म्हणजे एकच ना?” बाबांनी विचारलं.

“एकच.”

त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली.