स्ट्रॉम्बोलीचा वायू मोजायला निघाले आणि धक्क्यावर अडकले

इटलीतल्या स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीवर वायूमापनाला जायचं ठरलं. परवानगी, वाटाड्या, 924 मीटरचा डोंगर, सगळं पार पडलं. अडलं ते एका सिलिंडरपायी, आणि तो संताप अजून गेलेला नाही.

आमच्या पेटीत कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड वगैरेंचे सेन्सर असतात. सगळी मदार या दोघांच्या गुणोत्तरावर. कार्बन डायऑक्साइड शिलारसातून खूप खोलवरच सुटू लागतो, सल्फर बराच वर आल्यावर. म्हणजे गुणोत्तर चढू लागलं, तर खोलातून ताजा, वायूने भरलेला शिलारस वर येत असण्याची शक्यता. 15 मार्च 2007 च्या मोठ्या स्फोटाआधी इथे ते चढलं होतं. पण सेन्सरचं माप वापराने ढळतं. ठाऊक प्रमाणाचा वायू सोडून ते तपासलं नाही, तर आकड्याला काही अर्थ नाही. तोच वायू बोटीवर चढेना!

सिलिंडरमध्ये जवळजवळ सगळा नायट्रोजन, सल्फर डायऑक्साइड नावापुरता. पुरवठादाराने मात्र एका कागदावर यूएन क्रमांक (धोकादायक माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय आकडा) 1079 टाकलेला, म्हणजे निव्वळ विषारी सल्फर डायऑक्साइड. हवा होता 1956, दाबाखालचा बिनविषारी मिश्र वायू. बंदरावरची खिडकी म्हणे, कागद जुळत नाहीत. पुरवठादार म्हणे, माहितीपत्रकात बरोबर आहे, तेच दाखवा. दाखवलं. खिडकीने पान न उलटता परत सरकवलं, ‘सोमवारी या.’ सोमवारी माणूस दुसरा, उत्तर तेच. 3 जुलै 2019 ला याच डोंगरावर स्फोटात एक पदभ्रमण करणारा गेला, आणि इथे कुणाला घाई नव्हती.

शेवटी एका सुरक्षा अधिकाऱ्याने घटकांची ओळ वाचली आणि सांगितलं, घटक, क्रमांक आणि वर्ग 2.2 (न पेटणारा, बिनविषारी वायू) एकाच सहीच्या पानावर आणा. तेवढ्यावर सुटलं. हे पान तिकीट काढायच्या आधीच मागून घ्या.

वर गेल्यावर हवेतला मूळचा कार्बन डायऑक्साइड, साधारण 420 पीपीएम (दहा लाखांत 420 भाग), वजा केल्याशिवाय गुणोत्तर काढू नका. वायू घटला म्हणून निर्धास्तही होऊ नका. फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीत 1991 च्या मे अखेरीस सल्फर डायऑक्साइड दिवसाला 5,000 टनांवर जाऊन एकदम घसरला होता, आणि 15 जूनला डोंगर फुटला.

हो, परतीच्या बोटीवर रिकाम्या सिलिंडरलाही तेच पान लागतं. प्रत जवळ ठेवा.