गंगेवरची रात्र

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आले की गळ्यापर्यंत, यावरून पुराची उंची मोजतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पुलांवर बघ्यांची गर्दी होते. त्याच वेळी घाटावर आणि पुलाखाली झोपणारी माणसे गाठोडी उचलून वर सरकत असतात, आणि पूर ओसरला की त्याच चिखलात परत उतरतात.

लेप्टोस्पायरोसिसला हाच चिखल हवा असतो. उंदरांच्या मूत्रातले जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत टिकून राहतात व पायावरच्या साध्या चिरेतूनही शरीरात शिरतात. ताप, डोळ्यांची लाली, पोटऱ्यांत असह्य दुखणे अशी सुरुवात होते. वेळीच प्रतिजैविके मिळाली तर रोग आटोक्यात येतो, उशीर झाल्यास मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ शकतात. पुराच्या पाण्यात अनवाणी उतरू नका, हा सल्ला योग्यच आहे, पण ज्यांचे अंथरूणच त्या पाण्याच्या वाटेवर आहे त्यांनी तो कसा पाळायचा?

पंचवटीत रात्र काढणाऱ्या एक वयस्कर मावशी मला एकदा म्हणाल्या, "ताई, दिवस मावळल्यावर मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही." पैसे देऊन वापरायचे जवळचे शौचालय रात्री बंद असते आणि अंधारात आडोसा शोधत जायची त्यांना भीती वाटते. तहान मारून आणि लघवी तासन्‌तास रोखून धरून त्यांना वारंवार जळजळीचा त्रास होतो, गोळ्यांनी तो तात्पुरता थांबतो. दवाखान्यातून निघताना त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितले होते. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

बेघरांचा प्रश्न आपण दयेच्या खात्यात टाकतो. मला तो सार्वजनिक आरोग्याचा वाटतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेने घालून दिलेल्या निकषानुसार दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा निवारा असायला हवा. 2011 च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 14.86 लाख होती, म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही जवळपास 1,500 जणांची सोय आवश्यक ठरते, आणि शहर तेव्हापासून कितीतरी वाढले आहे.

याच शहरात गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. 2015 च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम वसले, तेव्हा तात्पुरती शौचालये आणि नळजोडण्याही झाल्या. 2027 साठी पुन्हा होतील. त्यांतली निदान काही शौचालये पर्वणी संपल्यावरही घाटाजवळ कायम ठेवावीत, रात्रभर उघडी आणि विनामूल्य, एवढी मागणी मी महापालिकेकडे लेखी करणार आहे. मावशींना विचारले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट जोडायला सांगितली: आत दिवा असावा आणि दाराला कडी असावी.