सीडी म्हणजे मुळात एक पारदर्शक चकती

कोऱ्या सीडींचा गोल डबा उघडला की बऱ्याचदा सगळ्यात वर एक आरपार दिसणारी चकती निघायची. तिच्यात काही भरता येत नाही म्हणून लोक ती टाकून द्यायचे. मी मात्र त्या जपून ठेवल्या आहेत. अंधेरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी इंजेक्शन मोल्डिंगची, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरणारी मशीन चालवतो, आणि माझ्या लेखी सीडी म्हणजे तीच चकती. वरची चमक हा धातूचा नुसता मुलामा. त्यावर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा पातळ थर आणि छापलेलं लेबल, बस्स.

चकती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची. हेल्मेटची काच, पाण्याचे वीस लिटरचे जार, छपराचे आरपार पत्रे, सगळीकडे हेच कुटुंब. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स, दोघांना ते स्वतंत्रपणे सापडलं. फिलिप्स आणि सोनीची सीडी बाजारात आली १९८२ मध्ये.

तिच्या आधीची सिनेमे बघायची मोठी लेझरडिस्क ॲक्रिलिक या दुसऱ्या प्लास्टिकची असायची. ॲक्रिलिक दिसायला सुंदर, पण हवेतलं पाणी पॉलिकार्बोनेटपेक्षा जास्त ओढतं आणि फुगतं. लेझरडिस्कमध्ये दोन चकत्या पाठीला पाठ चिकटवलेल्या, त्यामुळे ओढ दोन्हीकडून सारखी. सीडीला धातू एकाच बाजूला. एक बाजू फुगली की चकती वाकणार. मुंबईच्या जुलैत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे पॉलिकार्बोनेटचा दाणा १२० अंशांवर तीन-चार तास ड्रायरमध्ये सुकवल्याशिवाय हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या नरसाळ्यात जात नाही. ओल राहिली की मालावर चंदेरी रेघा उठतात आणि त्या खेपेचा माल भंगारात.

लेझरचा किरण या १.२ मिलिमीटर प्लास्टिकमधून आत जातो, धातूवरून परततो आणि पुन्हा त्यातूनच बाहेर येतो. खालच्या पृष्ठभागावर त्याचा ठिपका जवळजवळ मिलिमीटरभर रुंद असतो, आत पोचेपर्यंत तो दोनएक मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतो. म्हणून बारीक ओरखडे, धूळ यांनी गाणं सहसा अडत नाही. चष्म्यावरचा धुळीचा कण लांबचं बघताना जाणवत नाही, तसंच हे. उलट लेबलच्या बाजूला ओरखडा गेला तर थेट धातूच उडतो. लोक नेमकी तीच बाजू बिनधास्त टेबलावर घासत ठेवतात, ते बघून जीव कळवळतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. डोळ्याला आरपार दिसणारं प्लास्टिक लेझरला चालेलच असं नाही. साच्यात तीनशे अंशांच्या वर तापलेला रस दाबाने शिरतो आणि काही सेकंदांत थिजतो. तेव्हा आत ताण अडकून राहतो, आणि जिथे ताण तिथे प्रकाशाच्या कंपनाची दिशा बघून प्लास्टिक वेगळं वागतं. प्लेअर जाणारा आणि परतलेला किरण याच कंपनाच्या दिशेवरून वेगळे करतो, त्यामुळे परतलेला किरण नीट वेगळा काढता येत नाही. म्हणून सीडीसाठी मुद्दाम पातळ वाहणारा दाणा बनवला गेला. त्याच्या रेणूंची साखळी आखूड, त्यामुळे ताकदही कमी. हेल्मेटची काच घाव सोसते आणि सीडी वाकवली की कडकन तुटते, याचं मोठं कारण हेच.

हा ताण घरी बघता येतो. लॅपटॉपचा स्क्रीन पांढरा करायचा, पोलराइज्ड गॉगल लावून स्क्रीन काळा दिसेपर्यंत मान तिरकी करायची आणि मध्ये सीडीची पारदर्शक डबी धरायची. माझ्या भाचीला दाखवलं तर ती ओरडलीच, "मामा, यात रंग कुठून आले?" डबी पॉलिस्टायरीन या वेगळ्या प्लास्टिकची, कोपऱ्याकोपऱ्यात जांभळे-हिरवे पट्टे. मग तिथेच ती आरपार चकती धरली. रंग कितीतरी फिके, आणि जास्त करून मधल्या भोकाजवळ, जिथून रस आत शिरला होता तिथे. इतका शांत माल काढणं किती अवघड आहे हे मशीनवर उभं राहिल्यावरच कळतं.

तुमच्या कपाटात लग्नाच्या, बारशाच्या सीडी असतील तर एखादी दिव्यासमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, किंवा कडेने धातू विरळ झालेला दिसला, तर आतलं सगळं लगेच दुसरीकडे उतरवून घ्या. प्लास्टिक टिकेल, त्यावरचा मुलामा आपल्या दमट हवेत टिकेलच याचा भरवसा नाही.