दुपारचे फोन

शाळेचे वर्षपत्रक आखणाऱ्याची आणि कारखान्यात उत्पादनाचे नियोजन करणाऱ्याची आजवर कधी गाठ पडली नसावी, असे मे महिना लागला की मला हमखास वाटते. शाळा मेच्या सुरुवातीला मिटतात आणि पंधरा जूनच्या सुमारास उघडतात. आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात मात्र मे इतर महिन्यांसारखाच असतो. उलट, गावाकडची लग्ने गाठायला निम्मे सहकारी रजेवर जातात आणि उरलेल्यांच्या गळ्यात त्यांचेही काम पडते. एवढी लांब सुट्टी ज्या घरांवर बेतली गेली, त्या घरांत दुपारी कोणीतरी असायचे. आजी असायची, आत्या असायची, आणि कोणीच नसले तर मुलांना मामाकडे धाडता येत असे. माझ्या मुलांचा मामा आता हिंजवडीला आहे, मामीही नोकरी करते, आणि सुट्टीत स्वतःच्या मुलाला कुठे ठेवावे हे विचारायला तिचाच मला फोन येतो.

मुले घर डोक्यावर घेतात म्हणून नोकरदार आईला सुट्टीचा ताण येतो, असा एक समज आहे. तो दंगा पाहायला मी घरी असते कुठे? खरा ताण असतो तो अकरा ते चार या वेळात, डोळ्यांआड असलेल्या घराचा. मी गुणवत्ता विभागात काम करते. हातात मायक्रोमीटर असतो, समोरच्या ट्रेमध्ये तपासायची बुशिंगे, म्हणजे नळीसारखे सुटे भाग, असतात आणि खिशात फोन थरथरू लागतो. ‘आई, कुरडया तळू का?’ गॅसचा रेग्युलेटर निघतानाच बंद केला आहे हे मला पक्के ठाऊक असते. तरीही ‘मुळीच नाही’ असे बजावून फोन ठेवल्यावर ते बटण मी मनातल्या मनात पुन्हा फिरवून पाहते. पाठोपाठ धाकटीचा फोन येतो की दादा रिमोट देत नाही, मग थोरल्याचा की ती खोटे बोलते आहे. मिलिमीटरच्या शतांशापर्यंत व्यास मोजणाऱ्या बाईला त्याच क्षणी रिमोटच्या मालकीचा निवाडाही करावा लागतो. आणि एखाद्या दुपारी फोन आलाच नाही, तर त्या शांततेने जीव अधिकच टांगणीला लागतो.

या ताणावरचे उपाय मी पुष्कळ ऐकले आहेत. पहाटे प्राणायाम करावा, मनात येईल ते वहीत उतरवावे, रोज अर्धा तास निव्वळ स्वतःसाठी राखून ठेवावा. उपाय वाईट नाहीत. प्राणायामाने मलाही बरे वाटते. परंतु साडेपाचला उठून दोन्ही वेळच्या पोळ्या लाटणाऱ्या, पन्ह्याची बाटली फ्रीजमध्ये पुढच्या बाजूला ठेवणाऱ्या आणि दुपारचे जेवण ताटांखाली झाकून निघणाऱ्या बाईच्या यादीत ते आणखी एक काम होऊन बसते, आणि राहून गेले तर त्याचीही टोचणी लागते. शिवाय ताण बाईच्या मनात आहे असे एकदा गृहीत धरले की तो उतरवणे हेही तिचेच काम ठरते. माझा ताण मनात कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे, असे मी आता स्पष्टच सांगते.

कायद्याला आमची आठवण आहे, पण ती फार लवकर संपते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासपेक्षा अधिक, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा अधिक, स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले, ते सहा वर्षांखालील मुलांसाठी. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना, मुले अठरा वर्षांची होईपर्यंत, सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा घेता येते. राज्य सरकारने आपल्या कर्मचारी महिलांना १८० दिवस दिले. आमच्यासारख्या खासगी कारखान्यातल्या बाईचे आठ वर्षांचे मूल मात्र पाळणाघरात मावत नाही आणि रजेच्या कोणत्याही रकान्यातही बसत नाही.

राहता राहिली शिबिरे. इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत अबॅकस, सुलेखन, स्केटिंग, संस्कारवर्ग यांचे फलक एप्रिलमध्येच लागतात. त्यांच्या वेळा सकाळी आठ ते दहा किंवा संध्याकाळी पाच ते सात. दहा वाजता मुलाला घरी कोणी आणायचे, याचे उत्तर एकाही फलकावर नसते.

आमच्या पाथर्डी फाट्याच्या इमारतीत आम्ही काही घरांनी मिळून वार वाटून घेतले आहेत. माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी, माझ्या नवऱ्याची रविवारी, तिसऱ्या मजल्यावरच्या परिचारिका ताईंची आठवड्याच्या मध्ये. ज्याची सुट्टी, त्याच्याकडे सगळी मुले. इमारतीत एक शिक्षिका आहेत. त्यांना सबंध मे मोकळा असतो, म्हणून रोजच मुले त्यांच्या दारात सोडावीत हा मोह आम्ही ठरवून टाळला. तळमजल्यावरच्या काकूंकडे सर्वांच्या किल्ल्या असतात. दोन ते चार या वेळात रक्त आल्याशिवाय बेल वाजवायची नाही, एवढीच त्यांची अट आहे आणि मुले ती अक्षरशः पाळतात.

शनिवारी उन्हे चढण्याआधी मी या सगळ्या सेनेला पांडवलेण्यांवर नेते. पायऱ्या चढून गेल्यावर मुले दमतात, आणि दमलेली मुले दुपारी झोपतात, हा माझा स्वार्थ. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णीच्या या आईने आपल्या मुलाचे पराक्रम तिथे कोरवून घेतले, आणि त्याच्या बिरुदांत ‘आईची अखंड सेवा करणारा’ हेही आवर्जून घातले. थोरल्याला मी हे मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा ताट उचलून ठेवले तर त्याचेही नाव कोरले जाईल का, अशी चौकशी त्याने केली.

दुपारच्या फोनांचा बंदोबस्त मात्र घरातच करावा लागला. फ्रीजवर एक कागद चिकटवला: अकरा ते दीड बाबा, दीड ते चार आई. सुरुवातीला मुले बाबाला फोन करून लिंबे कुठे आहेत ते विचारत, आणि बाबा मला फोन करून तेच विचारी. म्हणजे पूर्वीच्या एका फोनच्या जागी आता दोन. मग कागदावर खाली एक ओळ वाढवली, की बाबांनी आईला विचारायचे नाही. पुढे काही दिवस मुलांनी सरबताऐवजी ताक प्यायले. आता लिंबे कुठे असतात ते त्याला माहीत आहे. इतकेच नव्हे, ती संपल्याचेही परवा त्यालाच आधी कळले. येताना त्याने पाव किलो लिंबे आणली, आणि कोणी न सांगता कोथिंबिरीची जुडीही. कोथिंबीर घरात होतीच.