पारे गावातली इंग्रजी

आज पूर्व जावातल्या केदिरी जिल्ह्यात, पारे गावी होते. इंडोनेशियात याला 'काम्पुंग इंग्रिस' म्हणतात, म्हणजे इंग्रजीचं गाव. १९७७ साली कालेंद ओसेन यांनी इथे क्लास काढला. आता गल्लोगल्ली क्लास आहेत. देशभरातून मुलं येऊन राहतात, भाड्याच्या सायकली घेऊन फिरतात. काही वसतिगृहांत तर इंग्रजीच बोलायचं असा नियम.

एका वर्गात मागे बसले. भूतकाळ चालला होता. इंडोनेशियन भाषेत काळाप्रमाणे क्रियापद बदलतच नाही, 'काल' म्हटलं की भागतं. आपण 'गेलो, गेली, गेले' करत वाढलेलो, त्यामुळे यातली अडचण आपल्याला पटकन कळत नाही. या मुलांचा मात्र कस लागतो. तरी बिनधास्त बोलतात, कारण चुकलं तर वर्गात कुणीही हसत नाही! मला हेच सगळ्यात आवडलं. घरी जावानीज, शाळेत इंडोनेशियन, म्हणजे कित्येकांची इंग्रजी ही तिसरी भाषा.

तिथल्या प्राथमिक शाळांत २०२७ पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं होणार आहे. हजारो बेटांवर शिक्षक कुठून आणायचे, ही खरी काळजी. पारेत शिकवणाऱ्या तरुण पोरांना त्यात घ्यावं, असं मनापासून वाटतं.