आईची इम्युनोथेरपी आणि टीपीएची ती क्वेरी

तळपायावरचा काळा डाग, बायोप्सी, मेलानोमाचं (त्वचेच्या एका कॅन्सरचं) निदान, ऑपरेशन, मग पेट स्कॅनमध्ये फुफ्फुसातल्या गाठी. हे सगळं भराभर पार पडलं. डॉक्टरांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध सुरू करायचं ठरवलं आणि आम्ही अडकलो आरोग्य विम्याच्या कॅशलेस मंजुरीत.

टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची क्वेरी आली: ‘औषध कॅन्सरच्या पेशींवर थेट काम करत नाही, प्रतिकारशक्तीवर करते. सक्रिय उपचार कसा, ते स्पष्ट करा.’ डिस्चार्ज कार्ड पाठवलं, पुन्हा तीच क्वेरी. बायोप्सीचा रिपोर्ट पाठवला, पुन्हा तीच. फोनवर एकच उत्तर, ‘मॅडम, सिस्टीममध्ये पेंडिंग दाखवतंय.’ आई खोलीत सलाईनची सुई टोचून तयार, आणि मी बिलिंगच्या खिडकीपाशी. आजही आठवलं की डोकं तापतं, कारण ज्यावर आक्षेप होता तेच तर त्या औषधाचं काम! टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, कॅन्सर ओळखतात, कित्येकदा गाठीत शिरलेल्याही असतात. पण त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि गाठीतल्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून तो दाबून धरतात. निवोलुमॅब पीडी-१वर जाऊन बसतं, ब्रेक सुटतो आणि टी पेशी कॅन्सरवर तुटून पडतात. पीडी-१ शोधणाऱ्या तासुकु होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालंय.

शेवटी हेच मी टाइप करून नेलं. डॉक्टरांनी दोन वाक्यं बदलली, लेटरहेडवर सही-शिक्का दिला. सोबत आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २०१९च्या मार्गदर्शक सूचनांचं पान जोडलं. त्यातल्या आधुनिक उपचारांच्या यादीत इंजेक्शनने देण्याची मोनोक्लोनल अँटिबॉडी इम्युनोथेरपी स्पष्ट लिहिलेली होती, आणि निवोलुमॅब त्याच प्रकारातलं. मंजुरी आली. डॉक्टरांचं असं पत्र आणि सध्या लागू असलेल्या नियमाचं पान पहिल्याच अर्जाला जोडा.

पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ची पोटमर्यादा मात्र आधीच बघून ठेवा, आमची विमा रकमेच्या निम्म्यावर होती. कंपनीच्या तक्रार विभागाने ३० दिवसांत दाद दिली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे.

आणि हो, ब्रेक सुटलेल्या टी पेशी आतडी, फुफ्फुसं, थायरॉइडवरही उलटू शकतात. जुलाब किंवा धाप लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. आईची थायरॉइडची तपासणी आम्ही चुकवत नाही. आणि घरात कुणाच्या तळव्यावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग असेल तर कुरूप समजून थांबू नका. आपल्याकडे मेलानोमा बऱ्याचदा तिथेच निघतो.